उत्तराची जागा

माझ्या धाकट्याच्या गिटारीने दातदुखी थांबते, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना विचारा. त्यांनी दवाखान्यात ह्या पोरांची पहिली रेकॉर्ड लावली, तर एका बाईंची अक्कलदाढ आपली आपणच उठून बशीत जाऊन बसली. डॉक्टर म्हणतात, असलं काही झालं नाही. म्हणणारच. दाढेने त्यांना विचारलं नाही ना!

चौघं होते ते. दोन गिटारी, एक ड्रमवाला आणि एक ती जाड तारांची गिटार, पोटात घुमते ती. गाणारं कुणीच नाही. जॅझ, पण मऊ जातीचं. मी त्यांना चांडाळचौकडी म्हणायचे. खरी मजा होती ती दोन गिटारींची. लांब्या, म्हणजे धाकट्याचा शाळेपासूनचा दोस्त, तारांवर काहीतरी विचारायचा आणि धाकटा उत्तर द्यायचा. काय उत्तर द्यायचा! एक विचारलं की दहा सांगायचा. घरात मात्र तोंडातून शब्द फुटायचा नाही. "भाजीत मीठ आहे का रे?" विचारलं तर नुसती मान. आमच्या घराण्यात हा मुका कुठून आला, देव जाणे. बोलायचं ते सगळं तो तिकडे बोलायचा.

नवी रेकॉर्ड निघाली की पहिल्यांदा आमच्या पुढच्या खोलीत लागायची. ऐकायला डॉक्टर, कोपऱ्यावरचा चष्मेवाला आणि माझी धाकटी जाऊ. ती कपडे शिवते. धाकटा स्वयंपाकघरात दाराआड उभा. समोर बसलं की लोक गोड बोलतात, म्हणायचा.

मागे मात्र बोलायचे हो!

"पहिली कशी, इस्त्री केलेल्या कापडासारखी होती," जाऊ म्हणायची. "एक चुणी नाही. ह्यात हे विजेचं काय घुसवलंय मधेच? कानात माशी गेल्यासारखं होतंय."

"काळाबरोबर बदलायला नको का?" चष्मेवाला. "तुम्ही अजून पायाने मशीन मारता म्हणून जगाने मारायचं?"

"त्या मशीनची पँट घालूनच बसलायस ना? मग गप बस."

डॉक्टर मधे पडायचे. "अहो, ऐकू द्या. पोरं शोधतायत काहीतरी." आणि दाराआड धाकटा तोंडावर हात दाबून हसायचा. एकूण एक शब्द लांब्याला जाऊन सांगायचा. लोक शिव्या देतात म्हणजे नीट ऐकतात, असं त्याचं म्हणणं.

मग धाकट्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं झोपली. आधी वाटलं, उशाखाली हात आला असेल. मी तेल चोळलं, शेक दिला, मेलीच ती. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, नस गेली, परत यायची नाही. ते ऐकून तो रडला नाही. जिना उतरताना त्याच हाताने कठडा धरायला गेला आणि हात घसरला, तेव्हा तिथेच पायरीवर बसला.

"आई, कुणाला सांगायचं नाही," म्हणाला. "कीव नको. वाजवणं ऐकावं त्यांनी, हात नको."

एका लांब्याला तेवढं ठाऊक होतं. पुढची रेकॉर्ड धाकट्याने उरलेल्या बोटांवर केली. लांब्या विचारायचा, हा एखादा सूर द्यायचा आणि थांबायचा. बोटं पोचायचीच नाहीत तर करतो काय!

ती रेकॉर्ड लागली तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन उभी. संपली. मग डॉक्टरांनी डोळे पुसले.

"वहिनी, काय जागा आहेत हो!"

आता आपल्या भाषेची गंमत बघा. गाणारा एखादी नाजूक करामत करतो, तिला जागा म्हणतात. आणि रिकामं सोडलं, तीही जागाच. डॉक्टरांना दोन्ही एकदम म्हणायचं होतं.

"पूर्वी फार बडबडायचा," चष्मेवाला म्हणाला. "आता कळतंय त्याला कुठे गप्प बसायचं ते."

"पिकला गं पोरगा," जाऊ म्हणाली. "ताई, कुठे शिकला हे?"

मी काय सांगणार? माझ्या तोंडाला कुलूप माहीत नाही. म्हटलं, डोंगरावर एक मुका म्हातारा राहतो, तो तारा न लावताच गिटार वाजवतो, त्याच्याकडे जाऊन राहिला होता. ऐकायला पाखरं येतात आणि जाताना पिसं ठेवून जातात. चष्मेवाल्याने चक्क पत्ता विचारला.

आत गेले तर धाकटा ओट्याला टेकून उभा. ह्या वेळी हसत नव्हता.

"आई," म्हणाला, "मी जिथे नाहीये, तेवढंच त्यांना आवडलंय."

त्याने चौकडी सोडायचं ठरवलं. लांब्या धावत आला. "काकू, तुम्ही तरी सांगा ह्याला. लोक डोक्यावर घेतायत. ह्याने एकच सूर वाजवला तरी चालेल!"

"तेच तर," धाकटा म्हणाला. जन्मात एवढा बोलला नव्हता. "तू विचारतोस आणि माझ्या डोक्यात पूर्ण उत्तर येतं रे. अख्खं. बोटं जात नाहीत. आणि लोकांना वाटतं, मला एवढंच म्हणायचं होतं. असं पिकायचं नाहीये मला."

लांब्या धाकट्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला, वाकून, कारण उंटच आहे तो.

मग नवा आला. भली बोटं होती त्याची, पाण्यासारखी. धाकटा रोज त्याच्यासमोर बसायचा आणि कावळ्यासारख्या आवाजात आपली उत्तरं गाऊन दाखवायचा. लांब्याने विचारलेल्या एकेका प्रश्नाचं. "इथे वर जा. आता थट्टा कर त्याची. आता खाली ये, सावकाश." नवा तसंच्या तसं वाजवायचा. त्या दिवसांत धाकटा पोटभर जेवायचा. रेकॉर्डवर नाव नव्याचंच घातलं. माझं नको, नाहीतर मग मीच का वाजवत नाही असं विचारतील आणि हाताचं कळेल, म्हणाला.

ती रेकॉर्ड आमच्या खोलीत लागली तेव्हा त्याला दाराआड उभं राहायचं कारण उरलं नव्हतं. तो ऐकणाऱ्यांत बसला, जाऊच्या शेजारी. गुडघे जोडून, शाळेत निकालाला बसतात तसा.

वाजायला लागलं आणि मला माझा पोरगा ऐकू आला. तोच खोडकरपणा, एकाला दहा. माझा जीव सुपाएवढा झाला.

संपलं. चष्मेवाल्याने मान हलवली. "वाट लावली ह्याने."

"भरून टाकलंय नुसतं," जाऊ म्हणाली. "श्वास घ्यायला जागा नाही." मग धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी सर नाही रे त्याला. तू कसा थांबायचास!"

"फार बोलतो तो," डॉक्टर म्हणाले.

मी तोंड उघडलं. धाकट्याने माझ्याकडे बघितलं आणि जेवताना हलवायचा तशी नुसती मान हलवली. नको. मग डॉक्टरांना म्हणाला, "राहिलं असेल बोलायचं त्याचं."

"असेल. पण ऐकणाऱ्याने किती ऐकायचं? तुझी ती मागची लाव बरं. कान निवू देत."

त्यानेच उठून लावली. उजव्या हाताने, अलगद. आणि परत जागेवर येऊन बसला.

लांब्याच्या गिटारीने विचारलं. पलीकडून एक सूर आला, आणि मग काहीच नाही. मी धाकट्याकडे बघत होते. त्याचे ओठ हलत होते. आवाज नाही, पण हलत होते भराभर, पुढचा प्रश्न येईपर्यंत. पुढच्या प्रश्नालाही तसंच.

डॉक्टरांनी डोळे मिटले होते. "ऐका," म्हणाले. "बघा, किती शांत."