काचपेटीची घोडी

"आजी, समोर बगा. मान हाय तशीच ऱ्हाऊ द्या."

द्वारकाबाई खुर्चीत बसल्या बसल्या हसल्या. अर्धांगवायूने त्यांची मान आखडली होती. नजर जाई ती समोर, वर नाही. मी काठी त्यांच्या डोळ्यांशी धरून खूण केली. जमिनीपासून बरोबर तीन फूट.

खालापुरातला हा नवा बंगला त्यांच्या मुलाचा, शशिकांत साहेबांचा. साहेब रसायनीच्या एका कारखान्यात मोठे. आईचा दिवस जात नाही म्हणून मुंबईहून माशांची चार फुटी काचपेटी आणली, असं निदान सांगताना तरी म्हणाले. तिच्याखालची लाकडी घोडी मी करायची होती.

"सोनेरी असू दे रे एखादा," आजी म्हणाल्या. "लग्नाआधी पाताळगंगेत पाय सोडून बसायचे, तर मासे टाचा लुचायचे. त्यानंतर काही जिवंत मासा धड बघितला नाही."

माझा बाप देव्हारा करायचा तर आधी पूजा करणाऱ्याला पाटावर बसवी, त्याच्या डोळ्यांची उंची घेई आणि मगच करवत हातात धरी. देव समोर दिसला पाहिजे, म्हणे. मी माशांनाही तोच नियम लावला. पेटी दीड फूट उंच. तिचा मध्य आजींच्या डोळ्यांसमोर यायचा तर घोडी सव्वादोन फूट. साहेबांना उंची विचारावी, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

घोडी नेऊन ठेवली आणि साहेब भडकले.

"चांगो, हे काय केलंस? पाहुणे काय गुडघ्यांवर बसून बघणार? साडेतीन फूट पाहिजे."

"सायेब, आजींच्या नजरंला लावलीय."

"आईची खुर्ची उंच करू. रविवारी माणसं येणार आहेत."

"पाय लोंबकाळतील त्यांचं. घसरतील."

"तू सुतार आहेस का डॉक्टर?"

आजी तिथेच होत्या, सगळं ऐकत होत्या. मी काय बोलतो म्हणून माझ्याकडे बघत होत्या. मी मान खाली घातली. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

घोडीच्या पायांना जोड दिले असते तर भरल्या पेटीचं अडीचशे किलो वजन पेललं नसतं. म्हणून घोडीवरच सव्वा फुटाचं खोकं चढवलं. पुढून लावायला चांगला साग उरला नव्हता. गाठीची एक फळी हाताला आली, ती ठोकली.

घरी बायकोला, कोंडीला, सांगितलं, तर ती उसळलीच.

"लाकडाला दिसभर शिव्या घालता, आन सायबापुढं मूग गिळलंत?"

"मोठी मान्सं ती, कोंडे."

"आन म्हातारी काय बारकी हाय?"

पावसाळ्यात दिवाणखान्याचं दार फुगलं, म्हणून मला पुन्हा बोलावणं आलं. दोन पाहुणे पेटीपुढे उभे राहून वाहवा करत होते. ते चहाला आत गेले. आजी त्याच खुर्चीत, तेवढ्याच उंचीवर. जिथे मासे यायला हवे होते, तिथे त्यांच्या डोळ्यांपुढे माझी फळी होती.

"आजी, मासं बरं हायत ना?" माझं मेलं तोंड.

"असतील की. सोनेरी चार आहेत म्हणे. मला पाण्याची बुडबुड ऐकू येते."

"उंच खुर्ची करनार व्हते ना?"

"राहिली ती."

"सायबांना सांगतो. पानी काढून खोकं उतरवतो, आजच्या आज."

"नको रे. लोक बघतात, शशीला बरं वाटतं." मग हात जरासा उचलून त्यांनी फळीकडे दाखवलं. "फळी मात्र छान निवडलीस हो. त्या गाठीला बघ, डोळा आहे. मागे शेपटीही आहे. मी रोज बघते."

मी ती निवडली नव्हती. पण तसं म्हणवलं नाही.

"हां आजी," म्हणालो आणि दार तासायला घेतलं.