आठ अंशांच्या आत

"किती झालं?" शोशानाबाईंनी विचारलं.

"सात पॉइंट सहा," दमयंती थर्मामीटरवरची नजर न काढता म्हणाली. "अजून दोन तास काढायचेत."

लॉकडाऊनचा दुसरा महिना चालू होता. नवीन पनवेलच्या कॉलेजातल्या, नव्या धंद्यांना खोल्या देणाऱ्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये त्या दोघीच होत्या. दमयंतीचा डबा उन्हात ठेवलेला होता. मोरा बंदरावरच्या कोळणींची मासळी थोड्या बर्फात दिवसभर ताजी राहावी म्हणून तिने तो बनवला होता. पण धक्काच बंद पडला. कंपनी गुंडाळते, खोली परत घ्या, असा तिचा फोन आला, तेव्हा शोशानाबाई म्हणाल्या, "चार दिवस थांब." अकरापैकी सहा खोल्या तोवर रिकाम्या झाल्या होत्या, दारांवरच्या पाट्या त्यांनीच उतरवल्या होत्या. त्यांनी इस्पितळांना फोन लावायचा सपाटा सुरू केला. एका दवाखान्याला मधुमेहाच्या पेशंटांना गावोगाव इन्सुलिन पोचवायचं होतं. अट एकच: आठ तास आतलं तापमान आठ अंशांच्या वर जाता कामा नये. उद्या दुपारी सिस्टर येऊन बघणार होत्या.

तीन वाजता आकडा आठ पॉइंट चारवर गेला.

दमयंतीने वही मिटली. "नाय होणार, मॅडम. तुम्ही उगाच माझ्यासाठी शब्द टाकलात."

यंत्रातलं शोशानाबाईंना ओ की ठो कळत नव्हतं. बावीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात टायपिंग केलेलं. सेंटरवर जायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून त्यांना धाडलेलं. त्या झाकणाच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. एका कोपऱ्यात बोटाला गार लागलं.

"गारवा इथून जातोय का गं?"

दमयंतीने वाकून पाहिलं. "रबर पातळ पडलंय. पण आता दुकान कुठलं उघडं असणार?"

"दुकान कशाला? वरच्या खोलीतला शिवा पंपांची रबरी सीलं बनवतो ना." शिवा कोन गावात घरी होता, त्यांनी तिकडे फोन लावला. "शिवा, तुझी खोली उघडू का? रबर हवंय."

"उघडा की, मॅडम. खिरकीपाशी गुंडाळी हाय. जाडवालं घ्या, बारीक नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, झाकणाला नवं रबर बसवून, डबा पुन्हा उन्हात आला. शोशानाबाईंनी आणलेली भाकरी तशीच राहिली. दर अर्ध्या तासाला दमयंती आकडा सांगायची आणि शोशानाबाई मान हलवायच्या. बाराला सहा पॉइंट आठ. एकला सात.

दोनला सिस्टर रिया आल्या. त्यांनी आकडा स्वतः दोनदा पाहिला. सात पॉइंट तीन.

"हा आत्ताच नेते. आणखी पाच लागतील," त्या म्हणाल्या. "सुकापूरचे आजोबा इन्सुलिनसाठी दोन दिवस थांबलेत."

दमयंती भिंतीला टेकून खालीच बसली.

"बनवला कुणी?" सिस्टरनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं.

"हिनं. दमयंती कोळी."

"आणि तुमचं नाव?"

"माझं नको. मी ऑफिसात असते," शोशानाबाई म्हणाल्या, आणि डब्याचा एक कान धरून गाडीकडे चालू लागल्या.