बोलक्या डब्याचा जाच

रीळकाकांच्या दुकानात भाव उच्चारण्याची पद्धत नव्हती. दोरे, बटणे, चेन आणि अस्तरांच्या गुंडाळ्या यांनी भिंती भरलेल्या त्या चिंचोळ्या जागेत गिऱ्हाईक वस्तू उचलून विचारी, "नेहमीचंच ना?" काका मान किंचित लववून म्हणत, "नेहमीचंच." आपला भाव तोच साऱ्या जगाचा भाव, असा प्रत्येकाचा समज असे. वस्तुतः ज्याची जशी ऐपत, तसा त्याचा भाव काकांनी मनोमन योजलेला असे, आणि तो त्यांनी मंत्रासारखा ओठांआड जपला होता.

या व्रतावर सुनेने आणलेला डबा येऊन आदळला.

एका उपटसुंभाने जुन्याच व्यवहाराची पावती मोबाइलवर दाखवून दोन डझन चेन लांबविल्या होत्या. त्यानंतर गल्ल्याशेजारी क्यूआर कोडच्या पाटीजवळ हा डबा स्थानापन्न झाला. पैसे जमा होताच तो खणखणीत वाणीने रक्कम जाहीर करी, आणि ती समोरच्या बेकरीपर्यंत पोहोचे.

"अगं, याचा आवाज कमी होत नाही का?" काकांनी पहिल्याच दिवशी विचारले.

"होतो ना बाबा. पण मग तुम्हाला ऐकू येत नाही."

"मला नाही आलं तरी चालेल! सगळ्या रस्त्याला ऐकू जातंय."

"जाऊ दे की. धंदा चाललाय हे तरी कळेल लोकांना."

सुनेचे काही चुकत नव्हते, आणि म्हणूनच काकांचा संताप अधिक होत होता. बेकरीवाल्याने शाळेच्या शिपायाच्या बटणांची रक्कम ऐकली आणि त्याच बटणांना जास्त मोजणारा तो पिठाच्या हातांनीच धावत आला. काकांनी "तो जुना माल होता" म्हणून वेळ मारून नेली. पुढे कोणाला "अर्धीच रक्कम दिली, बाकी नंतर", कोणाला "वेगळी कंपनी". आयुष्यभर खोटे न बोललेल्या त्या वृद्धाच्या नाकी नऊ आले. कोणाला कोणती थाप मारली, हे लक्षात ठेवणे हिशेबाहून जड झाले.

परंतु या सर्वांत त्यांचा जीव टांगणीला लागला होता तो रफूवाल्या ताईंसाठी. पती गेल्यानंतर या बाईंनी फाटकी वस्त्रे अशी सांधली की फाटले कोठे होते ते शोधावे लागे, आणि त्यावरच दोन मुली वाढविल्या. त्यांच्या दुखण्यात गल्लीने वर्गणी जमविली, तेव्हा ती त्यांनी नमस्कार करून जशीच्या तशी परत केली होती. अशा मानी बाईंना काका रेशमी रीळ स्वतःच्या खरेदीहूनही कमी भावात देत असत. हे कळले असते तर ताई त्या दुकानाची पायरी पुन्हा चढल्या नसत्या. आणि तसे रेशीम अन्यत्र कोठे मिळत नव्हते.

एके दुपारी शिंपीमास्तर स्टुलावर बसून अस्तराचा रंग निरखीत होते. रेशमी रिळाचे पैसे त्यांनी नुकतेच पाठविले होते आणि डब्याने "साठ मिळाले" अशी द्वाही फिरविली होती. तोच ताई आल्या. त्यांनी रीळ उचलले आणि पिशवीतून नवा मोबाइल काढला.

"भाऊ, आज यावरून घ्या. लेकीनं शिकवलंय."

काकांच्या तोंडचे पाणी पळाले. "रोखच द्या ना ताई. आज नेटवर्कचा जरा घोळ आहे."

"कसला घोळ?" मास्तर उद्गारले. "आत्ता तर माझे गेले की!"

काकांनी मास्तरांकडे असे पाहिले की दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. मास्तरांनी अस्तर उजेडात धरले.

"सगळ्यांचे पैसे चालतात," ताई म्हणाल्या, "माझ्याच पैशांना काय झालं?"

त्या चष्मा सावरून एकेक आकडा दाबू लागल्या. काकांनी डबा उचलून अस्तराच्या गठ्ठ्यात कोंबला आणि वर हात दाबून धरला. मग गठ्ठ्याच्या पोटातून, घसा बसलेल्या माणसासारखा पण स्पष्ट, आवाज आला: "पस्तीस मिळाले."

"पस्तीस?" मास्तर ताडकन उठले. "त्याच रिळाचे? आणि माझे साठ?"

ताईंनी हातातले रीळ उलटसुलट करून पाहिले. "भाऊ, खरा भाव कोणता?"

"साठ," काका पुटपुटले.

"आणि तुमची खरेदी?"

काका गठ्ठ्याच्या घड्या नीट करू लागले. गल्ल्यावर बसलेली सून हळूच म्हणाली, "बाबा, आता सांगून टाका."

"अठ्ठेचाळीस."

ताईंनी रीळ फळीवर परत ठेवले. "मी कोणाचं फुकट घेत नाही, भाऊ. तुम्हाला माहीत होतं."

त्या वळल्या. इतक्या दिवसांचा साचलेला वैताग काकांच्या मुखातून एकदम बाहेर पडला. "माहीत होतं म्हणूनच बोललो नाही! तो डबा बोलतो, हे मास्तर बोलतात, सगळे बोलतात! फुकट नको तर घासाघीस करून कमी करा ना. मास्तर वीतभर लेससाठी अर्धा तास डोकं खातात. तुम्ही कधी एका शब्दानं तरी केलीत?"

"मला काय काढताय मध्येच?" मास्तर कुरकुरले.

ताई दारात थांबल्या. मग परत आल्या, आणि मास्तरांच्या रिकाम्या स्टुलावर बसल्या.

"साठ फार होतात."

"कमी होणार नाही," काका सवयीने बोलून गेले आणि स्वतःवरच चिडले.

"वरचा पदर उन्हानं विटलाय. हे बघा."

काकांनी पाहिले. खरेच विटला होता. "पंचावन्न."

"महिन्याला सहा घेईन. दुसरीकडे बघणार नाही. पंचेचाळीस."

"ताई, खरेदी सांगितली ना तुम्हाला!"

"मग तुमच्या पोटावर पाय नको. पन्नास. वर एक दमडी नाही."

"घ्या," काका म्हणाले. त्यांचा स्वर हरलेल्याचा होता.

"मलाही पन्नास," मास्तर म्हणाले.

"तुम्ही महिन्याला सहा घेणार?"

मास्तर पुन्हा अस्तराकडे वळले.

ताईंनी गठ्ठ्यातून डबा ओढून काढला, पदराने पुसला आणि फळीवर मधोमध ठेवला. उरलेली रक्कम त्यांनी सावकाश पाठविली. "पंधरा मिळाले," डबा खणखणीत बोलला. तो पूर्ण बोलेपर्यंत त्या ताठ उभ्या राहिल्या, मगच रीळ पिशवीत टाकले आणि "येते भाऊ, एक तारखेला" म्हणून गेल्या.

काका कितीतरी वेळ कपाळावर हात ठेवून बसले.

"आता काय झालं बाबा? त्या येणार आहेत ना पुन्हा?"

"येणार आहेत. पण दोन कमावले मी त्यांच्याकडून. अगं, दोन!"

"बाबा, दुकान आहे आपलं."

"तेच तर!" काका कडाडले, आणि रिळांचा खोका उचलून त्यातली न विटलेली सहा रिळे निवडू लागले.