बिऱ्हाडवाली अळी

अहवाल वाचला आणि माझं डोकंच फिरलं. ‘ओढ्याचं पाणी स्वच्छ.’ स्वच्छ कसलं, डोंबल! कारखान्याचं सांडपाणी सुटल्यापासून तीन वर्षांत खालच्या जंगलात एक बेडूक ओरडलेला नाही. काठची झाडं शेंड्याकडून वाळत चाललीत. मासे नाहीत, म्हणून खंड्याही फिरकत नाही. वनरक्षक आहे मी, रोज तिथून चालते.

खालचं पाणी मीच भरून दिलं होतं, प्रयोगशाळेत कामाला असलेल्या माझ्या सख्ख्या भावाकडे. अहवालात पुढे जिवंत किड्यांची यादी होती, आणि तिच्यात वाळूचं घर अंगावर वागवणारी अळी! लहानपणी दादानेच तिला ‘बिऱ्हाडवाली’ नाव ठेवलं होतं. “ही दिसली की पाणी खुशाल प्यायचं,” हेही त्यानेच शिकवलं. ती आता फक्त कारखान्याच्या वर, आमच्या जुन्या डोहात उरलीय. म्हणजे माझं पाणी ओतून त्याने डोहातलं भरलं.

बुचावरची, बाटली उघडली की फाटणारी चिठ्ठी मात्र अखंड आणि माझ्या सहीची. दर वेळी हेलपाटा नको, म्हणून कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून मी गठ्ठाच त्याला देऊन ठेवला होता. मोठी शहाणी!

सुनावणीत कारखाना वाढवायचं ठरणार होतं. तसं झालं असतं, तर उरलंसुरलं जंगलही संपलं असतं. सुनावणीआधी व्हरांड्यात दादाला गाठलं.

“का केलंस असं?”

“तुझा भाचा परवाच कारखान्यात चिकटलाय. गप्प बस ना गं.”

केसाने गळा कापला माझा, आणि वर मीच गप्प बसायचं!

आत जाऊन मी सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे उभी राहिले. “साहेब, हे पाणी खालचं नाही. आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर नवं भरा.”

ओढा दहा मिनिटांवर. साहेबांसकट सगळे आले. मी बाटली भरली, बूच लावलं.

“चिठ्ठी?” साहेबांनी विचारलं.

दादाने सवयीने पिशवीतून एक काढून दिली. साहेबांनी माझ्यापुढे पेन धरलं आणि थबकले. सही आधीच होती.

“ही कधी केलीत?”

दादा नजरेनेच विनवत होता. लहानपणी आई मारायला उठली की असाच बघायचा, आणि मी त्याला पाठीशी घालायची.

“महिन्यापूर्वी,” मी म्हणाले. “त्याच्या पिशवीत गठ्ठा आहे. माझी चूक आहे, माझ्यावरही कारवाई करा. आणि मागची बाटली कुठे भरली ते त्याला विचारा. नाही सांगितलं, तर मी नेते तिथे. ती जागा त्यानेच मला दाखवली होती.”