रोलर थांबेपर्यंत

बाबा गेले, त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला शाबासकी दिली.

आमच्या वर्कशॉपमध्ये मोटरसायकलचं मागचं चाक रोलरवर फिरवून ताकद मोजतात. इंजिनाची सगळी ताकद चाकापर्यंत पोचत नाही, थोडी चेन आणि गिअर खातात. ती नेमकी किती, हे कळायला बाबा क्लच दाबून इंजिन सुटं करायचे आणि चेन-गिअरच्या ओढीने रोलर आपोआप थांबायला किती वेळ लागतो ते मोजत बसायचे.

त्या दिवशी एका शिक्षिकाबाईंची गाडी मी एकटीने तपासली. चाकाशी वीस हॉर्सपॉवर भरली. मला घाई होती, म्हणून अंदाजाने पंधरा टक्के मिळवले आणि इंजिनाचे तेवीस लिहून टाकले.

बाबांनी कागद पाहिला. "रोलर पूर्ण थांबू दिलास?"

"हो."

"वा! म्हणजे मी आता खुशाल घरी बसतो. तसंही गिऱ्हाईक काय माझं तोंड बघायला येतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

तीन आठवडे त्या कागदाची प्रत मी ड्रॉवरमधून काढत होते, परत ठेवत होते. शेवटी बाईंना फोन करून गाडी मागवली. क्लच दाबला आणि रोलर थांबेपर्यंत जागची हलले नाही. इंजिन साडेएकवीसच निघालं.

"दीडाचाच फरक ना? एवढ्यासाठी बोलावलंत?" बाई हसल्या. "त्या संध्याकाळी गाडी न्यायला आले तेव्हा तुमचे बाबा म्हणाले होते, आमच्या पोरीचं मोजमाप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

मला त्यांच्याकडे बघवेना. थांबलेल्या रोलरकडे तोंड करून मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, मी खोटं बोलले. मी मोजलंच नव्हतं."