उलटी फिरवलेली पाटी

एनॉक रेनरचं नाक जानेवारीच्या तापात गेलं, ते परत आलंच नाही. पाठोपाठ जीभही गेली. काहीही तोंडात घाला, ओला कागद चघळल्यासारखं. दुसरा कुणी असता तर चार लोकांत हळहळून मोकळा झाला असता. पण एनॉक पडला 'आंधळी मेंढी'चा मालक. त्याने ब्र काढला नाही.

डोंगराच्या कुशीतला इवलासा पब. चार बाकं, एक शेगडी आणि तळघरात बिअरची पिंपं. ही बिअर जिवंत असते. आल्यावर तिला दोन-तीन दिवस निजू द्यावं लागतं, उघडली की तितक्याच दिवसांत संपवावी लागते, आणि मध्येच कधी आंबेल त्याचा नेम नाही. म्हणून रोज सकाळी अकराला मालकाने तळघरातून पंपाने पहिला ग्लास ओढायचा, उजेडात धरायचा, हुंगायचा, चाखायचा. बिघडलेली निघाली तर पंपाच्या दांड्यावरची बिअरच्या नावाची पाटी उलटी फिरवायची. पाटीची पाठ दिसली की गिऱ्हाईक ती बिअर मागत नाही, काही विचारतही नाही.

एनॉक अजूनही रोज हुंगत होता. प्रार्थना विसरलेल्या माणसाने चर्चमध्ये नुसते ओठ हलवावेत, तसा. ग्लास नितळ दिसला की मनात म्हणे, देवा, आजचा दिवस निभाव. दोन महिन्यांत एकही ग्लास परत आला नव्हता. देवच निभावतोय, असं त्याला वाटू लागलं होतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी, हेस्टर आपल्या बापाला, कथबर्टला, धरून घेऊन आली. कथबर्टने जन्मभर दगडाच्या खाणीत काम केलं, आणि ती धूळ आता छातीत बसली होती. करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून इस्पितळाने त्याला घरी पाठवलं होतं. त्याने एकच हट्ट धरला, एनॉककडच्या बिअरचा एक पाइंट.

"काय रे चोरा, अजून आहेस का?" कथबर्ट धापा टाकत म्हणाला.

"तुला पोचवल्याशिवाय कसा जाईन?" एनॉकने खुंटीवरचा त्याचा कथिलाचा मग काढला आणि काठोकाठ भरला.

चाळीस वर्षांत जरा शंका आली की कथबर्टने ग्लास परत ढकलला होता. "ही नेऊन तुझ्या मेंढ्यांना पाज," म्हणायचा. फारच खूश झाला तर, "आज पिववते." याच्या पलीकडे कौतुक नाही. आज तो एकेक घोट घेत, मध्ये थांबत, अख्खा मग प्यायला.

"छान आहे रे," तो म्हणाला.

एनॉकने मान वर केली. कथबर्ट आणि 'छान'?

तेवढ्यात दार ढकलून एक तरुण आत आला, पाठीवर पिशवी, बूट चिखलाने भरलेले. त्याने ग्लास घेतला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"मालक, राग मानू नका. ही आंबलीय. व्हिनेगर झालंय नुसतं."

"गप रे पोरा!" कथबर्ट ओरडला, आणि खोकल्याने त्याला दुमडून टाकलं.

शेगडीजवळचे दोघे म्हातारे, रोजची गिऱ्हाइकं, आपापल्या ग्लासात बघत बसले. तासापूर्वी भरलेले ग्लास तसेच होते.

"कधीपासून?" एनॉकने विचारलं.

 बापाची पाठ चोळत हेस्टर म्हणाली, "फेब्रुवारीपासून, काका. कधी चांगली असते, कधी नाही. लोक त्या खिडकीतल्या कुंडीत ओततात. तुमचं नाक गेलंय हे सगळ्यांना माहीत आहे."

एनॉकने कुंडीकडे पाहिलं. झाड केव्हाच वाळलं होतं.

"परत का नाही केलीस, कथ?"

"केली की चाळीस वर्षं," कथबर्ट म्हणाला. "तुला दुसरी बरी ओळखून आणून देता येत होती, तोवर केली."

एनॉकने पाटी उलटी फिरवली. "शुक्रवारी ये. कालच नवीन पिंप आलंय. निजू दे, मग उघडतो तुझ्यासाठी."

"येतो की," कथबर्ट म्हणाला. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

गुरुवारी पहाटे चर्चची घंटा वाजू लागली. गेलेल्याचं जितकं वय, तितके ठोके. एनॉक तळघरात पिंपावर हात ठेवून मोजत राहिला. घंटा कथबर्टच्या वयावर, एकाहत्तरावर, थांबली.

शुक्रवारी त्याने पिंप उघडलं. पहिली धार कथबर्टच्या मगात घेतली, वर फडकं झाकलं आणि चढ चढून त्याच्या घरी गेला. पुढच्या खोलीत शवपेटी होती.

"हेस्टर, जरा बघ गं. चांगली आहे का?"

तिने हुंगलं. एक घोट घेतला. डोळे पुसले.

"चांगली आहे, काका. ओल्या गवताचा वास येतोय."

"खरं सांग. दया नको करूस."

"खरंच सांगते."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. डोळे अगदी बापाचे. ती खरं सांगतेय की बापासारखंच करतेय, हे ओळखायला एनॉकजवळ काहीच नव्हतं. कथिलाचा मग पेटीशेजारी ठेवून तो उतार उतरून आला.

दाराशी दोघे म्हातारे थांबले होते. त्याने कुलूप काढलं, शेगडी पेटवली, त्यांना बसायला सांगितलं. पाटी मात्र सुलटी केली नाही, तिची पाठ तशीच बाहेर होती. म्हाताऱ्यांनी काही विचारलं नाही.