टेलरबाईंचा जबाब

“श्वास रोखून धरू नकोस रे. नाहीतर जेवलास की बटण उडेल,” टेलरबाई म्हणाल्या. रांगेतली पोरं हसली. समोर उभा असलेला नऊ वर्षांचा मुलगा मात्र हसला नाही.

धर्मशिक्षण देणाऱ्या त्या निवासी शाळेत बाई बावीस वर्षं मुलांचे कपडे शिवत होत्या. सुट्टी संपली की जेवणघरातल्या लांब टेबलापाशी उभं राहायचं, एकेकाचं माप घ्यायचं, वहीत नाव आणि आकडे लिहायचे. मुलं बुजू नयेत म्हणून तोंडाची टकळी चालू ठेवायची. या मुलाला सगळे चिमटा म्हणत, इतका तो काटकुळा होता.

कंबरेचं माप घ्यायला बाईंनी त्याचा सदरा थोडा वर केला आणि त्यांचा हात थांबला. पायजम्याच्या नाडीला एकावर एक सहा गाठी होत्या. वरून सेफ्टी पिन.

“एवढ्या गाठी कशाला मारल्यास?”

“सुटू नये म्हणून.”

“आणि घाईची लागली म्हणजे?”

“तेव्हा त्रास होतो,” तो समजूतदारपणे म्हणाला. मग हळूच, “पण आज प्रार्थनेनंतर माझी पाळी आहे. गुरुजींच्या खोलीत, पाय चेपायची. गाठी असल्या की गुरुजी कधीकधी कंटाळतात.”

बाईंची टकळी बंद पडली. त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला.

“तुझं काही चुकलेलं नाही,” त्या त्याच्या कानाशी म्हणाल्या. “आज तुला तिथे जावं लागणार नाही. मी बघते.”

उरलेल्या रांगेत अशा गाठी आणखी दोघांच्या नाडीला होत्या. बाईंनी सगळ्यांची मापं घेतली, कुणाला काही कळू दिलं नाही, आणि तडक व्यवस्थापकांची खोली गाठली.

व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं आणि दोन प्रश्न विचारले. “तुमच्याशी कोण बोललं?” आणि “अजून कुणाला सांगितलंत?”

काय झालं, हे त्यांनी विचारलंच नाही. बाईंच्या ते ध्यानात आलं.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे.”

“गुरुजींची बदली ठरली आहे,” व्यवस्थापक म्हणाले. “महिनाअखेरीला जातील दुसऱ्या शाखेत.”

“तिथे मुलं नाहीत?”

व्यवस्थापकांनी टेबलावरचे सरळच असलेले कागद पुन्हा सरळ केले. “बाई, शंभर वर्षांची संस्था आहे. एका माणसापायी तिचं नाव—”

“मी नावाचं नाही विचारलं. मुलांचं विचारलं.”

“चहा घेणार?” व्यवस्थापक म्हणाले.

फाटकापाशी बाईंचा धाकटा भाऊ भेटला. तो प्रार्थनागृहाची व्यवस्था बघायचा. बाईंचा चेहरा बघून त्याने त्यांना बाजूला घेतलं, आणि ऐकता ऐकता त्याचाच चेहरा उतरला. पण तो म्हणाला, “ताई, भावजी गेले तेव्हा यांनीच तुला काम दिलं. लोक दारात उभं करत नव्हते तुला. उपकार विसरलीस?”

“उपकार माझ्यावर केले ना? मग फेडीन की मी. पोरांनी कशाला फेडायचे?”

“निदान घरी बसून विचार करू. उद्या—”

“पाळी आज आहे,” बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

पोलीस चौकीतल्या हवालदाराने पेन हातात घेतलं, संस्थेचं नाव ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

“मोठी माणसं आहेत ती. आणि लहान पोरं काय, कुठेतरी काहीतरी बघतात नि बोलतात. पुरावा काय? नाडी?”

बाईंच्या अंगाची लाही झाली. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही. समोरच्या बाकावर त्या बसल्या.

“सहाला प्रार्थना सुटते. सहाच्या आत तुम्ही गेला नाहीत, तर पुढे काय झालं ते तुमच्या वहीत तुम्हालाच लिहावं लागेल. मी साडेतीनला आले होते, हेही लिहा. वेळेसकट.”

आतल्या खोलीतून एक महिला अधिकारी बाहेर आल्या. त्यांनी हवालदाराकडे नुसतं पाहिलं आणि बाईंना आत नेलं. दोन फोन केले, मग जबाब घ्यायला बसल्या. मध्येच त्यांनी विचारलं, “याआधी कधी असं काही लक्षात आलं होतं?”

नाही म्हणणं सोपं होतं.

“चार वर्षांपूर्वी एक मुलगा म्हणाला होता, बाई, नाडी जाड लावाल का, तुटणार नाही अशी? मी म्हणाले, का रे, बैल बांधायचाय? सगळे हसले. मीही हसले.” त्यांनी कागदाकडे बोट केलं. “लिहा. हेही लिहा. त्याचं नाव माझ्या जुन्या वहीत सापडेल.”

पावणेसहाला पोलिसांची गाडी शाळेच्या फाटकातून आत गेली. बालकल्याण समितीची माणसं सोबत होती. त्या संध्याकाळी चिमटा कुठल्याही खोलीत गेला नाही.

पुढच्या आठवड्यात चौदा मुलं बोलली, एकेकटी, समुपदेशकापाशी. गुरुजींना अटक झाली. तिसऱ्या आठवड्यात व्यवस्थापकांनाही झाली. त्यांच्या कपाटात पालकांची सात पत्रं सापडली होती. सगळ्यात जुनं नऊ वर्षांपूर्वीचं. सातही तारखेप्रमाणे लावून, नीट फाईल केलेली.

ते कळलं त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. फेकून तरी द्यायची होती, असं त्यांना वाटत राहिलं. इतकी जपून ठेवली, आणि एकही वाचून कुणी जागचं उठलं नाही.

गावाने राग काढला तो बाईंवर. बायका अर्धे शिवलेले कपडे परत घेऊन गेल्या. “आपल्यातलं आपल्यात मिटलं असतं,” एकजण म्हणाली. भाऊ रस्त्यात दिसला की पलीकडच्या बाजूने जाऊ लागला.

दोन महिन्यांनी, दुपारी, एक सोळा वर्षांचा मुलगा दाराशी येऊन उभा राहिला. मिसरूड फुटलं होतं, तरी बाईंनी त्याला ओळखलं.

“जबाब द्यायला बोलावलंय,” तो म्हणाला. “तुमच्या वहीवरून नाव मिळालं, असं अधिकारीबाई म्हणाल्या.”

“बस ना.”

तो बसला नाही. “तुम्ही तेव्हा हसला होतात.”

“हो.”

“मला वाटलं, तुम्हाला कळलं. आणि कळूनही हसलात.”

बाईंनी त्याला सांगायला कितीतरी वाक्यं जमवून ठेवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं वाटेना.

“कळलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “कळायला हवं होतं.”

तो रस्त्याकडे वळला. मग म्हणाला, “घरी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही याल? आत नको. बाहेर बसा फक्त.”

बाईंनी मशीन बंद केलं, कापड सुईखाली तसंच सोडलं आणि चपला घातल्या.

चौकीत अधिकारीबाईंच्या खोलीचं दार त्याच्यामागे बंद झालं. बाहेरच्या अरुंद बाकावर बाई टोकाला बसल्या. थोड्या वेळाने हातात कागदपत्रं घेतलेला एक माणूस आला आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवत म्हणाला, “इथे कुणी आहे?”

“हो, आहे,” बाई म्हणाल्या. “आत गेलाय.”